आर्ब्रोथच्या इशबेलबाईंनी पुत्रावर चौथाई बसविली त्याची हकीकत

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण वद्य पंचमी, मंदवार, ते दिवशी आर्ब्रोथ बंदरी, नगरपालिकेच्या घरांच्या रांगेत, इशबेलबाई लॉरिमर यांच्या दाराच्या फटीतून एक खलिता आत पडला, आणि तेथून पुढे सहा महिने जे घडले ते साद्यंत लिहिणे प्राप्त जाहले. पृथ्वीवर थोर थोर लढाया जाहल्या, त्यांच्या बखरी थोर चिटणीसांनी लिहिल्या आणि त्याबद्दल वतने खाल्ली. ही लढाई स्वयंपाकघरात जाहली, सबब कोणी लिहिली नाही. म्हणोन आम्ही लिहितो. वतनाची आशा नाही.

खलित्यातील मजकूर ऐसा की, आपले चिरंजीव फ्रेझर वयाने अठरा जाहले, शाळा संपली, सबब ऑगस्टअखेर मुलाचा भत्ता आणि त्यासोबतची सरकारी मदत, मिळोन महिन्यास चारशे पौंडांच्या वर, बंद करण्यात येत आहे. शेवटी शुभेच्छा दिल्या होत्या. अठरा वर्षे हा तनखा हुजूर खजिन्यातून बिनचूक आला, याविषयी बाईसाहेबांची काही तक्रार नव्हती. परंतु थोरली कन्या ऐल्सा तीन वर्षांमागे ग्लासगोस गेली तेव्हा अर्धा तनखा बुडाला होता, आणि पतिराज तर नॉर्वेच्या समुद्रात तेल काढण्याच्या मोहिमेवर गेले ते बारा वर्षे तिकडेच होते, रसद नाही की खुशाली नाही. बाईसाहेबांची स्वतःची जहागीर म्हणजे प्राथमिक शाळेच्या मुदपाकखान्यातील आठवड्याचे वीस तास. एवढ्यावर घरभाडे, वीज, पाव आणि सहा फुटांचा पुत्र निभावणे होते. बाईसाहेबांनी खलिता दोनदा वाचला, पावाच्या डब्यामागे सारला आणि चहा ठेवला.

त्याच आठवड्यात चिरंजीवांस मासळीच्या कारखान्यात चाकरी लागली. काम ऐसे की, हॅडॉक मासळी शेपटीस शेपटी बांधोन जोडीने काठीवर टांगणे आणि धुराच्या भट्टीत सोडणे. पगार दर शुक्रवारी, हाती पावणेतीनशे पौंड. आणि कपड्यांस वास असा लागे की, चिरंजीव गल्लीच्या तोंडाशी आले की मांजरे उठोन उभी राहत, आणि तो वास एका धुण्यात निघत नसे, दोन धुणी करावी लागत.

ऐसियास या मुलुखी रिवाज आहे की, लेकरू कमावते जाहले आणि आईच्या छपराखाली राहिले म्हणजे दर शुक्रवारी पगारातील हिस्सा आईच्या हाती ठेवावा. त्यास डिग्ज म्हणतात. आपली चौथाईच ती, फक्त घोडेस्वार पाठवावे लागत नाहीत, आई मागते आणि लेकरू देते. परंतु इशबेलबाईंचे घोडे तेथेच अडले. शाळेत तीनशे पोरे एका नजरेने रांगेत उभी करणारी बाई, पोटच्या पोरापुढे पैशांचा शब्द काढू शकेना. आजवर ती देत आली होती, आणि घेण्यासाठी हात पुढे कसा करावा हे तिला कोणी शिकविले नव्हते.

पहिल्या शुक्रवारी बाईसाहेब कंबर कसोन टेबलापाशी बसल्या. चिरंजीव नवे पांढरे बूट घालोन दाखल जाहले.

"कसे आहेत आई?"

"छान आहेत रे. चावत नाहीत ना?"

मोहीम तेथूनच माघारी फिरली. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा कूच केले.

"फ्रेझर, मी काय म्हणत होते..."

"काय?"

"सूपमध्ये मीठ कमी पडलंय का?"

"नाही गं, मस्त झालंय."

तेव्हा बाईसाहेब शेजारच्या विल्माबाई ड्यूथी यांजकडे मसलतीस गेल्या. विल्माबाई वयाने साठ, आवाजाने तोफ, आणि डिग्जच्या बाबतीत साऱ्या गल्लीत त्यांचा शब्द प्रमाण. कारण ऐसे की, यांनी आपल्या स्टुअर्टचे चार वर्षांचे डिग्ज एका पैशास हात न लावता जपले, आणि त्याच्या लग्नात भर मांडवात बिस्किटांच्या डब्यात घालोन, वर निळी फीत बांधोन त्यास परत केले. तेव्हा वरपक्ष, वधूपक्ष आणि बारवरचा नोकर, सर्व रडले. ती गोष्ट गल्लीत अद्याप सांगतात.

विल्माबाईंनी सल्ला दिला, "अगं, तोंडातून निघत नसेल तर लिहून दे. फ्रिजवर लाव. तिथं तो नक्की जातो."

मग बाईसाहेबांनी फर्मान लिहिले की, कमावत्या पुत्राने दर शुक्रवारी साठ पौंड किटलीशेजारी ठेवीत जावे, येविषयी उजूर करू नये. आणि ते लोहचुंबकाने फ्रिजवर जडविले आणि स्वतः पाठ फिरवोन भांडी घासू लागल्या. चिरंजीवांनी तोंडात बिस्किट धरोन वाचले.

"साठच? अगं, मला वाटलं तू मागतच नाहीस. भट्टीवर सगळे देतात. मलाच कसंतरी वाटत होतं."

बाईसाहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. तोच चिरंजीव पुढे वदले, "विल्मामावशीने स्टुअर्टचे ठेवले, तसेच ठेवणार ना तू माझे?"

बाईसाहेबांचे हात साबणात होते. "हो रे, तसंच," त्या म्हणाल्या.

हे शब्द का निघाले याचा बाईसाहेबांनी पुढे पुष्कळ विचार केला. खोटे बोलावे ऐसा हेतू नव्हता. पोरगे इतक्या खुशीने देते आहे तर त्याची खुशी का मोडावी, एवढेच मनात आले, आणि मग खुलासा करावयाची वेळ निघोन गेली ती गेलीच. दर शुक्रवारी साठ पौंड किटलीशेजारी येत आणि सोमवारपर्यंत घरात जिरोन जात.

मग हिवाळा चालोन आला. समुद्रावरील वारा वाटेत कोठेही न थांबता थेट स्वयंपाकघरात शिरला. जिन्याखालच्या कपाटात विजेचा मीटर बसे, त्यास दुकानातून किल्लीत पैसे भरोन आणोन चारावे लागत, आणि चिरंजीवांची दोन धुणी त्यास रोज खुराक. बाईसाहेबांनी फौजेची नवी मांडणी केली. वरील स्वतःची आणि ऐल्साची, ऐशा दोन खोल्या थंडीच्या हवाली केल्या. शनिवारची पाळी वृद्धाश्रमात धरली. मसुराचे सूप आठवड्यातून तीनदा केले आणि त्यास दरवेळी वेगळे नाव दिले. आणि एक गनिमी कावा ऐसा की, दुपारी शाळेतून आल्यावर ओव्हरकोट, टोपी आणि हातमोजे घालोनच घरकाम करावे, आणि चिरंजीव यावयाच्या दहा मिनिटे आधी ते उतरवोन हीटर लावावा. चिरंजीव आत येत आणि म्हणत, "वा, घरात कसं उबदार वाटतं!" बाईसाहेब म्हणत, "बंद कर ते दार."

ऐसे बावीस शुक्रवार गेले. माघ वद्यात एका मंगळवारी चिरंजीव खिमा आणि बटाटे खाता खाता वदते जाहले, "आई, गाडी मिळाली. कार्नूस्टीला एक म्हातारा विकतोय. लाल रंगाची, बारा वर्षांची, पण त्यानं ती फक्त चर्चला जायला वापरलीय. तेराशे मागतोय. माझे तुझ्याकडे तेराशे वीस झाले, मी मोजलेत. शनिवारी आणतो म्हणून सांगून टाकलं त्याला."

बाईसाहेबांस ठसका लागला. चिरंजीवांनी पाठीवर थापट्या मारिल्या.

बुधवारी शाळा सुटताच बाईसाहेब विल्माबाईंच्या दारी उभ्या राहिल्या. सर्व हकीकत सांगितली आणि विचारले, "विल्मा, तू कसे गं साठवलेस? चार वर्षं! मला एक आठवडा जमलं नाही."

विल्माबाईंनी खिडकी लावली. मग रेडिओ लावला. मग खुर्ची जवळ ओढली.

"साठवले कुठले? स्टुअर्टचे डिग्ज स्टुअर्टनेच खाल्ले. रोज सकाळी सहा सॉसेज लागायची त्याला."

"मग तो डबा?"

"लग्नाला पंधरा दिवस राहिले आणि हा सगळ्या पाहुण्यांसमोर विचारतो, आई, माझा डबा कधी उघडायचा? आता काय सांगू? डंडीच्या एका माणसाकडून तीन हजार उचलले. सात वर्षं फेडत होते. शेवटचा हप्ता गेल्या ईस्टरला दिला." विल्माबाईंचा तोफेचा आवाज इतका खाली आला की रेडिओच्या आवाजापुढे ऐकू येईना. "स्टुअर्टला ठाऊक नाही. कुणाला बोलशील तर बघ."

"नाही बोलणार."

"त्या माणसाचा नंबर आहे माझ्याकडे. शनिवारच्या आत देईल. हवा?"

बाईसाहेबांनी नंबर घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. दोन घरांमधील वीस पावलांची वाट चालावयास त्यांस पाव तास लागला. खिशात तेराशे पौंड होते म्हणावयाचे. पोराची गाडी होती, पोराचे आईविषयीचे चांगले मत होते, आणि पुढे सात वर्षे डंडीचा माणूस होता. कचऱ्याच्या पेटीपाशी त्या थांबल्या, नंबर बाहेर काढला, त्याचे चार तुकडे केले आणि पेटीत टाकले. मग घरात जाऊन सूप गरम केले.

चिरंजीव आले. "आई, काढलेस का पैसे?"

"बस. पैसे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे संपले. दर आठवड्याला संपत होते. तुझा सरकारी भत्ता बंद झाला ऑगस्टमध्ये. वीज, पाव, भाडं, तुझी धुणी. साठवलेलं काहीच नाही."

"पण तू हो म्हणाली होतीस!"

"म्हणाले. खोटं बोलले. त्याची मला लाज वाटते."

चिरंजीवांनी सुपाची वाटी दूर सारली. "मग विल्मामावशीला कसं जमलं?"

येथे बाईसाहेबांच्या हाती असे एक हत्यार होते की, ते उचलले असते तर लढाई त्याच क्षणी जिंकली असती. एक वाक्य पुरे होते. बाईसाहेबांनी ते उचलले नाही.

"तिला जमलं," त्या म्हणाल्या. "मला नाही जमलं."

या मोहिमेतील सर्व पराक्रमांत हाच मोठा, ऐसे आमचे मत आहे.

"मग मी भट्टीवरच्या डॅनीकडे खोली घेतो," चिरंजीव उठोन म्हणाले. "तो निदान भाडं म्हणून भाडं मागतो." आणि जिना चढोन गेले. सूप तैसेच राहिले. बाईसाहेब टेबलापाशी बसल्या आणि हिशेब केला की, चौथाई गेली तर शनिवारसोबत रविवारचीही पाळी धरावी लागेल, आणि तेही होईल. परंतु घरात धुराचा वास राहणार नाही, या कलमाशी आल्यावर त्यांस पुढे हिशेब करवेना.

गुरुवारी समुद्र खवळला. नौका बाहेर पडल्या नाहीत, मासळी आली नाही, आणि कारखान्याने चाकरांस दुपारीच सुटी दिली. चिरंजीव अडीच वाजता घरी पोचले. स्वयंपाकघरात बाईसाहेब ओव्हरकोट, टोपी आणि हातमोजे ऐसा सर्व सरंजाम चढवोन बटाटे सोलीत होत्या.

"बाहेर चाललीस?"

"नाही."

"मग?"

बाईसाहेबांनी पुढचा बटाटा उचलला. चिरंजीवांनी हीटरवर हात ठेविला. तो दगडासारखा गार होता. मग त्यांनी बाईसाहेबांच्या हातमोज्यांकडे पाहिले, बोटांची टोके कापोन काढिली होती, बटाटे सोलता यावे म्हणोन. चिरंजीव खाली बसले, दुसरी सुरी घेतली आणि एक बटाटा सोलला, वाईट सोलला, अर्धा सालीबरोबर गेला.

शुक्रवारी किटलीशेजारी सत्तर पौंड आले. बाईसाहेबांनी दहा परत केले, चिरंजीवांनी पुन्हा ठेविले, ऐसे तीन वेळा जाहल्यावर तहाची बोलणी सुरू जाहली. कलमे ठरली ती येणेप्रमाणे की, मीटरची किल्ली यापुढे चिरंजीवांकडे असावी, भट्टीचे कपडे भट्टीवरच्या हौदात पहिल्याने विसळोन मग घरी आणावे, हीटर बाईसाहेब घरी आल्यापासोन लावावा, आणि मसुराच्या सुपास मसुराचे सूपच म्हणावे. कार्नूस्टीच्या म्हाताऱ्यास नकार कळविण्यात आला.

"गाडी गेली रे तुझी," बाईसाहेब म्हणाल्या.

"जाऊ दे. ब्रेक तसेही किरकिरत होते."

"डॅनीची खोली?"

"त्याच्याकडे उंदीर आहेत," चिरंजीव म्हणाले आणि टोस्ट भाजावयास ठेविला.

त्यानंतर आठ दिवसांनी, शनिवारी, विल्माबाई कारखान्याच्या दुकानी मासळी घ्यावयास गेल्या, आणि तेथून पिशवीसह थेट इशबेलबाईंच्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी सांगितले की, भट्टीवर एक नवे पोरगे लागले आहे, ते फ्रेझरला विचारत होते, तू आईला सत्तर देतोस तर ती तुझ्यासाठी ते साठवते ना?

"आणि काय म्हणाला तो?"

"म्हणाला, साठवायचे कशाला? आम्ही ते खातो."

बाईसाहेबांनी कोटाची बटणे सोडली, घरात ऊब होती. "आम्ही म्हणाला?"

"आम्ही म्हणाला." विल्माबाईंनी नाक पुसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते कोणासाठी होते याचा शोध आम्ही घेतला नाही.

"परत एकदा सांग," बाईसाहेब म्हणाल्या, आणि विल्माबाईंनी परत सांगितले.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सेहेचाळीस, फाल्गुन शुद्ध द्वितीया, मंदवारी मोहीम फत्ते जाहली. तोफ, नगारा, मिरवणूक काही जाहले नाही, मासळी तळली. कमावत्या पुत्रावरील चौथाई कायम जाहली असोन ती दर आठवड्यास पुरी वसूल होते आणि पुरी खर्च होते.