गच्चीवरचं आगर

प्रणाली म्हात्रेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या कॉलेजच्या गच्चीवर सोलर पॅनेल चाखत होती. चाखत म्हणजे अगदी चाखत. काचेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "काका, चार दिस कोनी पुसलं न्हाय." रजिस्टरमध्ये मी रोज पुसल्याची सही ठोकली होती. खाली जाऊन खरं शेवटचं कधी पुसलं ते आठवून दिवस मोजले, बरोबर चार निघाले.

मी विद्युत विभागातला प्रयोगशाळा सहायक. मूळचा पालीकडचा, भातशेतीवाला. मीठ पुडीतून येतं एवढंच मला ठाऊक. प्रणाली जवळच्याच रेवसच्या बाजूची, खाडीकाठची. घरच्यांनी पिढ्यानपिढ्या मिठागरं राखलेली. ती विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि खास विषय घेतला होता सौर आणि पवन ऊर्जेचा. बाकीच्या मुलांना सूर्य पुस्तकातून भेटायचा, हिला घरातल्या चुलत्यासारखा.

तिच्या जगात गोष्टी दोनच प्रकारच्या होत्या, अळणी आणि मीठ असलेल्या. प्राचार्यांचं भाषण अळणी. आमची जुनी मोटर कुरकुरायची, पण तिच्यात मीठ होतं. माझ्या चहाबद्दल ती काही बोलायची नाही, यावरून मी काय ते समजलो. भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभी राहायची आणि तळव्यांना ऊन किती लागतंय त्यावरून, मीटर न बघता, पॅनेल किती वीज देत असेल ते सांगायची. मी दहा वेळा तपासलं. दहाही वेळा आकडा जवळपास तोच. अकराव्या वेळी तपासायचं सोडून दिलं आणि बायकोला सांगितलं, ही पोरगी साधी नाही.

तिच्या प्रोजेक्टचं भांडण मात्र थेट माझ्या फडक्याशी होतं. समुद्राच्या वाऱ्याने पॅनेलवर मीठ बसतं. मी ते सकाळी अकराला कोरड्या फडक्याने खसाखसा पुसायचो, बारा वर्षं. तिचं म्हणणं, त्याने मीठ काचेवर घासलं जातं, काचेला चरे पडतात. पहाटे दवात मीठ विरघळू द्यावं आणि ओलं असतानाच हलक्या हाताने पुसावं. गाईड मॅडमनी अर्धी पॅनेलं तिला दिली, अर्धी मला. मार्चअखेर फरक दिसला नाही तर प्रोजेक्ट रद्द आणि वर्ष वाया, असं स्पष्ट बजावलं.

फेब्रुवारी संपेपर्यंत तिची पॅनेलं माझ्या पुढे गेली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. काही दिवस पहाटेच येऊन पाळत ठेवली, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रोज पहाटे पुसण्याआधी ती फोन लावायची आणि विचारायची, "पुसू का?" पलीकडून काहीतरी उत्तर यायचं आणि त्याप्रमाणे ती पुसायची, नाहीतर फडकं खांद्यावर टाकून खाली यायची. मी ताडलं, बाहेरचा कोणी इंजिनिअर हिचा प्रोजेक्ट करून देतोय. आणि गेलो मॅडमकडे, सांगून आलो.

मॅडमनी तिला माझ्यासमोरच विचारलं. ती नाकबूल झाली नाही. "व्हय मॅडम, रोज विचारते," एवढंच म्हणाली. मॅडम म्हणाल्या, परीक्षेच्या दिवशी त्या माणसाला घेऊन ये, नाहीतर पास होणं विसर.

परीक्षेच्या सकाळी तिच्या हाताला धरून एक म्हातारा जिना चढून आला. काळा चष्मा, तळवे लाकडासारखे कडक. तिचे वडील. चाळीस वर्षं मिठाच्या पांढऱ्या झगझगाटात काढून नजर गेलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जरा चिडूनच विचारलं, तुम्ही हिला काय सांगता? म्हाताऱ्याने हात पुढे केला. प्रणालीने तो माझ्या वाट्याच्या एका पॅनेलवर ठेवला. त्याने बोट फिरवलं, चाखलं.

"ह्यात धूल हाय. काल मतलई व्हता, जमिनीवरचा वारा. तवा दव पडत न्हाय. असल्या दिशी काचंला हात लावायचा नसतो. कोनी घासलंय ह्ये?"

मी गच्चीच्या कठड्यापलीकडे बघत होतो. परीक्षकांनी प्रणालीची वही मागवली. मतलईच्या एकूण एक दिवसापुढे तिने 'पुसलं नाही' असं लिहिलं होतं. नंतर त्यांनी स्वतःच एक खुर्ची ओढून म्हाताऱ्याला बसवलं आणि तासभर त्याच्याशीच बोलत राहिले. प्रणाली पहिल्या वर्गात पास झाली.

संध्याकाळी मी तिची माफी मागितली. मग न राहवून विचारलं, एवढं सगळं तुला स्वतःला कळतं, दव पडलेलं बोटाला लागतं, तर रोज फोन कशाला करत होतीस?

ती वायर गुंडाळत होती. "मना येतं काका सगला. पन मिठाचं आगर बंद पडल्यापासून बाबांना पहाटं उठायला काय कामच न्हाय. दिस दिस भिताडाकडं तोंड करून पडून असायचे. मी विचारीन म्हनून उठून अंगनात जातात, वारा बघतात."

जूनमध्ये तिला राजस्थानात एका सौर प्रकल्पावर नोकरी लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा खुशीत नव्हती. तिथे ना समुद्र, ना मीठ. बाबांना विचारायचं काय? आणि उगाच विचारलं तर त्यांना लगेच कळतं, म्हणाली. मी म्हटलं, त्यांचा नंबर देऊन ठेव.

या हिवाळ्यापासून मी पहाटेच गच्चीवर येतो. काचेवर दव दिसत असतं, तरी फोन लावतो आणि विचारतो, "बाबा, पुसू का?"

पलीकडे अंगणात चालल्याचा आवाज येतो. मग म्हातारा विचारतो, "मास्तर, चव घेतली का?"

मी कोणी बघत नाही ना याची खात्री करतो, काचेवरून बोट फिरवतो आणि जिभेला लावतो.