नाना रस्त्यात बसतात

मेंढरांमागे कुणी हॉर्न वाजवला की आमचे गेणूनाना त्या गाडीपुढे मांडी घालून बसतात. भांडत नाहीत. काठी आडवी ठेवतात, तंबाखू काढतात आणि सावकाश मळत बसतात. मग ती एसटी असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर फुलं लावलेली नवरदेवाची मोटार. घोडेगावच्या रस्त्यावर एका लग्नाचा मुहूर्त त्यांच्यामुळे टळायची वेळ आली होती. वऱ्हाडी हात जोडू लागले, तेव्हा नाना म्हणाले, "माज्या पाया पडू नका. मेंढरं बुजल्यात, त्यांच्या पडा." नवरदेवाचा मामा खरोखर एका मेंढीच्या पाया पडला, तेव्हा गाडी सुटली.

नाना माझे थोरले चुलते. घरातल्या बाकीच्यांनी मेंढरं विकून शेती धरली, नानांनी काठी सोडली नाही. रागाला त्यांना कारण लागत नाही. चहा गार असला तर राग, गरम असला तर जीभ भाजली म्हणून राग. आणि वर ओरडून सांगायचं, "मी रागावल्यालो न्हाई!" तेही इतक्या मोठ्यानं, की शेजारची कुत्री उठून बसतात.

अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन मी पुढे शिकायला स्पेनला निघाले. विमानतळावर न्यायला जीप दारात उभी राहिली, मी आत पाय ठेवणार तोच नाना जीपपुढे मांडी घालून बसले.

"हारन का वाजिवला?"

ड्रायव्हर बिचारा गळ्याची शपथ घेत होता, "नाना, हात बी लावला न्हाई हो!" पण ऐकतो कोण? आई रडकुंडीला आली. मीही संतापले, "नाना, विमान चुकेल माझं! उठा!"

ते उठले, काठी उचलली आणि मागे न बघता माळाकडे निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी अबोला. फोन केला की नानी, माझी चुलती, त्यांना विचारायची, "बोलता का?" मागून गर्जना यायची, "तिला सांग, मी रागावल्यालो न्हाई!" बोलायचे मात्र नाहीत. वर्ष होत आलं. आता मलाही राग यायला लागला होता. शिकायला आले, हा काय गुन्हा झाला?

अशात माद्रिदमध्ये मेंढरांचा सण आला. वर्षातून एकदा इथले मेंढपाळ भर शहरातून कळप नेतात, जुन्या वाटेवरचा आपला हक्क दाखवायला. मी बघायला गेले. उंच उंच इमारतींमधून मेंढरं चालली होती. पोलिसांनी बस अडवून धरल्या होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. शेजारची बाई म्हणाली, "किती सुंदर!" माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. हेच काम करताना माझ्या नानांना "ए म्हाताऱ्या, हो बाजूला" ऐकावं लागतं. कालची पोरं मोटरसायकलवरून शिव्या देऊन जातात. इथे टाळ्या, आणि तिथे शिव्या! मी तशीच नानीला व्हिडिओ कॉल लावला.

"नानांना दे. मेंढरं आहेत म्हणावं."

पडद्यावर एक कान आला. नाना व्हिडिओ कॉलसुद्धा कानालाच लावतात.

"नाना, समोर धरा! बघा!"

कान गेला, मिशा आल्या, मग एक डोळा. तो बराच वेळ हलला नाही. आणि मग तोफ सुटली.

"टाळ्या कशापायी पिटत्यात गं? जनावर बुजंल की! सांग त्यांना!"

वर्षभरानं ते माझ्याशी बोलले, ते हे.

"तुम्हीच सांगा," म्हणत मी फोन उंच धरला. माद्रिदच्या चौकात नाना अस्सल मराठीत कडाडले. पुढची दोन माणसं टाळ्या थांबवून घाबरून मागे बघू लागली.

"आन त्या बशी?"

"मेंढरांसाठी थांबल्यात."

"हारन?"

"एकानंही नाही वाजवला, नाना."

"एक बी न्हाई?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"एकही नाही."

मेंढरं पुढे निघून गेली, बस चालू झाल्या, लोक पांगायला लागले.

"पोरी," नाना म्हणाले, "त्या दिशी त्या ड्रायव्हरनं बी वाजिवला न्हवता."