परबकाकांची लाथ

या रविवारी सकाळी साडेदहा वाजता, लालबागमधल्या आमच्या सोसायटीच्या सभेत, विलास परब, राहणार चौदावा मजला, यांच्यावर भरसभेत अन्याय झाला. शाल आणि नारळ देऊन झाला. टाळ्यांच्या गजरात झाला. म्हणूनच तो अजून कोणाच्या लक्षात आलेला नाही.

परबकाका लाथ मारतात. वय सदुसष्ट, वेळ रोज संध्याकाळी पाच ते सात. समोर पोट सुटलेला जुना मॉनिटर आणि त्यावर ती जुनी गेम, जिच्यात मोटरसायकलींची शर्यत लागते आणि शेजारून जाणाऱ्याला लाथ घालून रस्त्याबाहेर उडवता येतं. तुम्ही खेळला असालच. नसाल तर बालपण एकदा तपासून घ्या.

पण काका बाईक चालवत नाहीत. ते फक्त लाथ मारतात. चालवायची दुसऱ्याने.

त्याचं असं झालं. आमची चाळ पाडून टॉवर व्हायच्या आधी काकांनी मुलाच्या अभ्यासासाठी सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. अख्ख्या चाळीत तेवढा एकच. अभ्यास राहिला बाजूला, दारात पोरांची रांग लागली. मग काकांनी कायदा केला. एका कीबोर्डवर दोघं. उजवीकडचा बाणांची बटणं दाबून बाईक चालवणार, तो 'हँडल'. डावीकडचा कोपऱ्यातलं बटण दाबणार, तो 'लाथ'. एकट्याने खेळायला सक्त बंदी. मी सातव्या वर्षी हँडल झाले, त्याचा अभिमान मला पदवीपेक्षा जास्त आहे.

पुढे पोरं पांगली. कोण डोंबिवलीला, कोण दुबईला. काकांचा मुलगा पुण्याला, काकू देवाघरी. चाळ गेली, टॉवर आला, कॉम्प्युटर तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात आला. आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडू लागले.

कुरियरवाला, पाण्याच्या मीटरवाला, कोणीही. एकदा लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस दोन तास हँडल धरून बसला होता आणि लिफ्ट सहाव्या मजल्यावर. मतदार यादी तपासायला एक बाई आल्या, त्यांनी पहिल्याच फेरीत चौघांना मागे टाकलं. काका वेडे व्हायचे बाकी, थेट मालवणीत शिरले. "काय हात हा बाईंचा! असो ड्रायव्हर मिळालो तर कोकणात गावाक आम्ही न्याहारेक पोचू!"

खेळताना त्यांची तोंडपाटीलकी चालूच. "मेल्या, डावीकडे घे! तो निळ्या जॅकेटवाला येतोय. ये रे राजा, तुझीच वाट बघतोय." धपाक! निळं जॅकेट गवतात. आणि लगेच स्क्रीनकडे वाकून, खऱ्या काळजीने, "लागला काय रे?"

पोलिसाला मात्र ते हात, म्हणजे पाय, लावत नाहीत. "युनिफॉर्मला लाथ नाही," हा त्यांचा बाणा. त्यामुळे पोलीस आला की आम्ही गुमान पकडले जातो. काकांच्या कुठल्याच जोडीचा कधीही पहिला नंबर आलेला नाही.

मी एकदा म्हटलं, "काका, आता किती भारी गेम्स आल्यात. ही अजून काय धरून बसलात?"

"त्या भारी गेममध्ये शेजारी कोण बसलाय दिसतच नाही गो. कानाला डबे लावून बसायचं. आणि हिच्यात कसं, आपटलो की उठून बाईकपर्यंत धावत जावं लागतं. तेवढ्यात दोन गप्पा होतात."

आता अन्याय. ऑफिसातला कॉम्प्युटरचा तो कोपरा सोसायटीच्या समितीला पार्सलांच्या रॅकसाठी हवा होता. हे तोंडावर कसं सांगायचं? सेक्रेटरी उठले. "काकांना या वयात खाली-वर करायला लावणं बरं नाही. मशीन सन्मानाने त्यांच्या घरी पोचवू." सगळे वा वा म्हणाले. शाल आली, नारळ आला, मानपत्र आलं.

मानपत्र मी लिहिलं होतं. एरवी मी निषेधाची पत्रकं लिहिते. तुटलेले फुटपाथ, कुलूप लावलेली शौचालयं, बंद वाचनालयं. कौतुक लिहायची पहिलीच वेळ, त्यामुळे वाहवत गेले. "काकांनी आता घरच्या घरी, निवांत, मनसोक्त लाथा माराव्यात!" टाळ्या. काका हसले. "बरं," एवढंच म्हणाले. माझी पत्रकं एरवी कोणी ऐकत नाही. नेमकं हेच ऐकलं.

बुधवारी मानपत्राची फ्रेम द्यायला वर गेले. दार सताड उघडं. काका कीबोर्डच्या डाव्या अंगाला बसलेले, उजवीकडची खुर्ची रिकामी. स्क्रीनवर शर्यत सुटलेली, बाकीचे धूर उडवत गेलेले आणि आमची बाईक सुरुवातीच्या रेषेवर उभी. काका लाथ मारत होते. हवेत.

"इलंस? बस. हँडल धर."

"मला मीटिंग आहे हो काका. तुम्ही दोन्ही का नाही करत? चारच बटणं आहेत, मी शिकवते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात बाणांवर ठेवला.

बाईक सुटली. वळण, गाडी, रस्त्यात आडवी आलेली गाय, पुन्हा वळण, सगळं लोण्यातून सुरी जावी तसं. निळं जॅकेट उडालं, काकांनी विचारपूससुद्धा केली नाही. पोलीस मागे कुठेतरी राहिला. पहिला नंबर! तो पडदा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी किंचाळले.

"काका! तुम्हाला चालवता येतं?"

"येतं गो. मुलगा शाळेत जायचा ना, तेव्हाच शिकलेलो."

"मग इतकी वर्षं...?"

काकांनी हात पुन्हा डावीकडे नेला. "दोन्ही हात मीच लावले, तर बाजूला बसूक कोण येतला?"

मी मीटिंग रद्द केली. आमचा शेवटून दुसरा नंबर आला.

मानपत्र मी मागे घेतलंय. समितीला वेगळं पत्रक दिलंय, ते सौम्य नाही. पण ही मागणी समितीकडे नाही, तुमच्याकडे आहे. होय, तुम्ही, जे हे वाचून गोड हसताय. तुमच्याही इमारतीत एखादं दार पाच ते सात उघडं असेल. आज संध्याकाळी तिथे जा. काही येत नसलं तरी जा. आणि "एकट्याने करा की" असं चुकूनही न म्हणता, बाजूची खुर्ची ओढा आणि बसा.