थोरलं कार्ड, धाकटं कार्ड

आमच्या शेजारी शेषरावकाका इंगळ्यांकडे गेलं की चहाआधी दोन्ही तळहात पुढे करावे लागतात. काका एका तळहातावर कॉम्प्युटरचं एक ग्राफिक्स कार्ड ठेवतात, दुसऱ्यावर दुसरं, आणि चष्म्यावरून बघत विचारतात, "सांगा, कोनतं सरस?" आपण काहीही सांगितलं तरी ते मान हलवतात. "घाई नोका करू. मालाले बोलू द्या."

काकांचा सगळा जन्म खामगावातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये रुईची प्रत ठरवण्यात गेला. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, तंतू किती लांब निघतो ते बघायचं, वास घ्यायचा आणि मगच बोलायचं. त्या धंद्यातला एक नियम त्यांच्या अंगात मुरलाय: एकट्या नमुन्यावर मत द्यायचं नाही, शेजारी दुसरा हवाच. निवृत्तीनंतर कापूस सुटला, नियम राहिला. मग बाजारातली वांगी, खोकल्याची औषधं, मुलाला सांगून आलेल्या मुली, सगळ्यांची तुलना सुरू झाली. मुलींच्या बाबतीत मुलानेच त्यांना वेळीच आवरलं.

हा मुलगा म्हणजे मंगेश. एकुलता एक, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. ही दोन्ही कार्डं त्याचीच. कॉलेजात असताना गेम खेळायला एक घेतलं, नोकरी लागल्यावर दुसरं. गेल्या खेपेला तो सहज म्हणाला, बाबा, यातलं एक घरच्या कॉम्प्युटरला ठेवा आणि दुसरं नांदुऱ्याच्या सलीमभाईंना देऊन टाका. सलीमभाई लग्नाचे व्हिडिओ करतात, त्यांच्या मशीनमधलं कार्ड जळालं होतं. कोणतं ठेवायचं आणि कोणतं नांदुऱ्याला धाडायचं, प्रश्न एवढाच. मंगेश पुण्याला गेला आणि काकांनी प्रश्न हातात घेतला.

जुन्या कार्डाला ते थोरलं म्हणतात, नव्याला धाकटं. नवं म्हणजे तेही आता चांगलंच जुनं. थोरल्याची मेमरी दोन जीबी, धाकट्याची चार. थोरल्याला एक पंखा, धाकट्याला दोन. थोरलं साठ वॅट वीज खातं, धाकटं पंच्याहत्तर. मोटारींचा तोच गेम दोन्हींवर चालवला की थोरल्यावर चित्र अडखळतं, धाकट्यावर सरसर पळतं. मी शाळेत गणित शिकवते. धाकटं ठेवा, थोरलं द्या, असं सांगून मी मोकळी झाले. काकांचा चेहराच उतरला. "मास्तरीणबाई, पोरायचे पेपरबी असेच तपासता काय?"

मग चाचण्यांना ऊत आला. आधी दोन्ही कार्डं पिशवीत घालून ते चांदीच्या दुकानात गेले आणि तिथल्या काट्यावर वजन करून आले. धाकटं जड निघालं. कापसाच्या माणसाला जड मालाचा संशय येतो, त्यामुळे काका म्हणाले, ओलावा धरला असंल. आणि धाकटं दोन दिवस गच्चीवरच्या सावलीत वाळत पडलं. मग उन्हाळ्याची परीक्षा. थोरल्याचा पेपर त्यांनी सकाळी घेतला, धाकट्याचा टिनाच्या छपराखाली भर दुपारी, आणि धाकटं फार तापतं असा निर्वाळा दिला. मी तक्रार केल्यावर मोठ्या मनाने वेळा बदलून पुन्हा परीक्षा ठेवली, तर लाइटच गेली.

गेममधली मोटार ते स्वतः चालवतात. सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो आणि काकांचे डोळे तिथेच खिळलेले असतात. मोटार भिंतीला टेकून चाकं फिरवत असते, काका खूश असतात. भिंत एकाच जागी असल्यामुळे तुलना चोख होते असं त्यांचं म्हणणं आहे.

इकडे सलीमभाईंचे फोन येत होते. शेवटी एका रविवारी ते मोटारसायकल घेऊन दारात हजर झाले. मी काकांचा डबा परत द्यायला आले होते. सलीमभाई अगदी काकुळतीला आले होते. "काकाजी, मले कोनतंबी चालते. लग्नं तोंडावर आली."

मलाही राहवलं नाही. काका चहा टाकायला आत गेले तशी मी मागोमाग गेले आणि म्हटलं, काका, माणसाला किती ताटकळत ठेवायचं? धाकटं चांगलं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

काकांनी गॅस बारीक केला. "मले मालूम हाय," ते हळूच म्हणाले. "पयल्याच दिवशी समजलं. पन तुमची काकू गेल्यापासून मंग्या फोनवर दोन मिनिटं बोलते, आन् खलास. या कार्डाचं काढलं का बोलत राह्यते. निकाल लावला तं मंग काय बोलू त्याच्यासंग?"

माझ्या गणितात हे कुठे बसतच नव्हतं. मी कप विसळले.

तेवढ्यात फोन वाजला. दर रविवारचा मंगेशचा फोन. काका नेहमीप्रमाणे तो स्पीकरवर टाकून बाहेर येऊन बसले. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. तब्येत, बरी. पुढे दोघांनाही काही सुचेना. मग काकांनी धाकट्याच्या पंख्याची घरघर सांगितली आणि पलीकडचा आवाजच बदलला. पुण्याचा मंगेश खामगावचा मंग्या झाला. धूळ कशी काढायची, ब्रश कोणता घ्यायचा, हे सांगता सांगता भिंतीला टेकलेल्या मोटारीवरून त्याने बापाची इतकी फिरकी घेतली की काका डोळे पुसत हसायला लागले. सलीमभाई कप हातात धरून नुसते ऐकत होते.

काकांची नजर त्यांच्याकडे गेली आणि हसू थांबलं. दुसऱ्याचा धंदा अडवून ठेवणारा माणूस नव्हे तो. घसा खाकरून म्हणाले, "मंग्या, सलीमभाई येऊन बसले हायेत. कोनतं देऊ ते सांगून टाक आता."



"आताच नोका देऊ, बाबा," मंगेश म्हणाला. "थोरल्याच्या पंख्याखालची गरमी ओढणारी पेस्ट सुकली असंल. ते बदलल्याबिगर तुलना खरी नाई होत. कशी बदलायची ते पुढच्या रविवारी सांगतो."

कॉम्प्युटरवर पोट भरणारा मुलगा हा. पेस्ट बदलली काय, न बदलली काय, थोरलं धाकट्याच्या पुढे जाणार नाही हे त्याला कळत नसेल? मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि उठले. अकोल्यात एक कार्ड पाहून ठेवलंय, तेच घेतो, तुमची जोडी राहू द्या, असं म्हणून ते पायऱ्या उतरले.

काकांनी फोन बंद केला. दोन्ही कार्डं उचलली, कापडात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसून राहिले.

"त्यालेबी मालूम हाय, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "त्यालेबी मालूम हाय."