जर्दाळूचं माहेर

"बाबा, तिथं झाडांबद्दल चकार शब्द काढू नका," आर्मेनियातल्या येरेवानहून निघताना नाराइरने वडिलांना बजावलं होतं. हमायाक कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण मुलासाठी अर्पिनेला मागणी घालायची होती, तेव्हा कबूल झाले.

रीत अशी, की मुलाकडच्यांनी नेलेली ब्रँडीची बाटली मुलीकडच्यांनी उघडली, म्हणजे लग्नाचा शब्द दिला. बाटली टेबलावर होती. शेजारी अर्पिनेच्या आजोबांनी, सेरोब यांनी, आपल्या बागेतल्या जर्दाळूंची परात ठेवली होती.

"काय हो पाहुणे, शास्त्रात याचं नाव काय?" आजोबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं.

हमायाकनी मुलाकडे पाहिलं. विचारल्यावर बोलायला हरकत नसावी. "लॅटिनमध्ये ना? आर्मेनियाचा आलुबुखार."

"परत एकदा बोला!"

ते परत बोलले.

"ऐकलंत? म्हणजे जन्म इथलाच!"

इथे हमायाकमधला मास्तर जागा झाला. नाराइरने टेबलाखालून लाथ मारली, ती टेबलाच्या पायाला लागली.

"जन्म नव्हे, नाव. रोमन लोकांकडे हे फळ आपल्याकडून गेलं, म्हणून नाव आपलं पडलं. मूळ झाड बहुधा चीनचं."

आजोबांनी परात उचलली आणि मागच्या कपाटात ठेवली. मग बाटली हमायाकच्या पुढ्यात सरकवली.

"रस्त्याला कामी येईल."

नाराइरचा चेहरा पडला. तेवढ्यात अर्पिने कॉफी घेऊन आली. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं.

"आजोबा, आजी कुठं जन्मली?"

"ग्युमरीला. त्याचं इथं काय?"

"आणि आजी, तू कुठली असं कुणी विचारलं तर काय सांगतेस?"

"सेरोबच्या घरची म्हणते," आजोबांशेजारी बसलेली आजी म्हणाली. "अजून काय म्हणणार? इतकी वर्षं याच्या शर्टांना बटणं लावतेय."

"मग जर्दाळूचंही तसंच. जन्म तिकडचा, नाव आपल्या घरचं."

आजोबांनी डोळे मिटून विचार केला. "म्हणजे सून आहे म्हण की आपली!"

"पक्की सून!" हमायाक घाईघाईने म्हणाले.

परात टेबलावर परतली. आजोबांनी स्वतः बाटली उघडली आणि सगळ्यांचे पेले भरले. नाराइरला मोकळा श्वास घेता आला. पण आजोबा पेला हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. त्यांची नजर अर्पिनेवर होती.

"म्हणजे आता तू... यांच्या घरची म्हणवणार?"

अर्पिनेने मान खाली घातली. बाटली तर उघडून झाली होती.

पहिला पेला नवरानवरीसाठी, म्हणून हमायाक उठायला लागले. आजोबांनी त्यांना हातानेच बसवलं.

"पहिला पेला त्या चिनी म्हाताऱ्याला," ते म्हणाले. "ज्याच्या अंगणातून आपली ही जर्दाळू सून निघाली त्याला. काय झालं असेल हो बिचाऱ्याचं!"