गेनू अस्वलाचं गाणं आणि त्यातला टक

एका जंगलात, म्हणजे ज्या जंगलाला अजून कुणी रिसॉर्ट म्हणायला लागलं नव्हतं अशा एका जंगलात, गेनू नावाचं एक अस्वल राहत होतं.

गेनू स्वभावाने गरीब होता. मधाच्या पोळ्यापर्यंत चढताना तो नाकातल्या नाकात एक चाल गुणगुणायचा. चाल त्याची स्वतःची होती. माश्या चावल्या की ती मध्येच तुटायची, आणि माश्या रोजच चावायच्या. त्यामुळे ती चाल पुरी कशी होते, हे खुद्द गेनूलाही ठाऊक नव्हतं.

गेनूची थोरली बहीण गोदाक्का ओढ्याकाठी राहायची. तिच्या मुलीचं, चंद्रीचं, लग्न ठरलं. स्थळ डोंगरापलीकडचं होतं. मुलाचे वडील रावजी अस्वल मोठे मानी गृहस्थ. त्यांनी बोलणी करतानाच सांगून टाकलं, की आमच्याकडे वाजंत्रीशिवाय लग्न होत नाही. वाजंत्री ऐकू आली नाही, तर वरात ओढा ओलांडणार नाही.

आता मुलांनो, अडचण अशी होती, की त्या जंगलात वाजंत्री म्हणजे बेडकांचं पथक. आणि मुहूर्त निघाला भर उन्हाळ्यातला, मोहाची फुलं गळायच्या दिवसांतला. उन्हाळ्यात बेडूक चिखलाखाली झोपलेले असतात. गोदाक्का स्वतः जाऊन वाळलेल्या चिखलावर तोंड ठेवून हाका मारून आली. आतून कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला, तेवढाच.

ते ऐकून चंद्री मोहाची फुलं खायची थांबली. अस्वल मोहाची फुलं खायचं थांबलं, की समजावं, दुःख मोठं आहे. ते पाहून गेनूच्या तोंडून निघून गेलं, "वाजंत्रीचं माझ्याकडे लागलं."

त्याचं असं झालं होतं, की जंगलात तेव्हा कंप्युटर आला होता. कंप्युटर जंगलात कसा आला, हे विचारू नका. मोबाइल तर त्याआधीच आला होता, तो कसा आला, हे तरी तुम्ही कुठे विचारलंत? त्या कंप्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर घातलं, की एकट्या प्राण्याला अख्खं पथक वाजवता येतं, असं गेनूने ऐकलं होतं. ढोल नको, सनई नको, फुगलेले गाल नकोत. नुसतं बसायचं आणि बटणं दाबायची. बसणं गेनूला चांगलं जमायचं.

त्याने सॉफ्टवेअर उघडलं. समोर एक भला मोठा काळा पडदा आला. त्यावर आडव्या रेघा, उभ्या रेघा, गोल गोल बटणं, वर चढणाऱ्या पट्ट्या. मध्ये काहीच नव्हतं. पेरणीआधीचं शेत असतं ना, तसं ते रिकामं दिसत होतं. गेनूने सगळ्यांत मोठं बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं. काही झालं नाही. त्याला वाटलं, आपल्या कानांत मध गेला. अर्धा दिवस तो कान साफ करत बसला. मग कळलं, की स्पीकरची वायर लावायचीच राहिली आहे.

वायर लावल्यावर आवाज आला. पण गेनूचा पंजा केवढा आणि त्या कीबोर्डच्या पट्ट्या केवढ्या. एक दाबायला जावं तर शेजारच्या दोघी आपणहून दबायच्या. शेवटी तो एकाच नखाने वाजवायला शिकला, आणि त्या नखाला चांगलं जपू लागला.

शिकायचं तर गुरू हवा. त्या जंगलात संगीताचे धडे धनेशगुरुजी द्यायचे. धनेश पक्ष्याची चोच तुम्ही पाहिली असेल. भली मोठी, वर आणखी शिंगासारखी टोपी. गुरुजींचे धडे मोबाइलवर यायचे. गुरुजी त्याच सॉफ्टवेअरच्या पडद्यासमोर बसायचे आणि आधी स्वतःची ओळख करून द्यायचे. मग धडा शेवटपर्यंत पाहायला सांगायचे. मग संगीत म्हणजे काय, यावर बोलायचे. मग धडा संपायचा. त्यांच्या चोचीमागे पडद्याचा वरचा कोपरा झाकला जायचा. पण गुरुजींना चोच बाजूला घ्या, असं कोण सांगणार?

गेनूने सगळे धडे भक्तिभावाने पाहिले. गुरुजींनी स्वतः एखादं गाणं केलंय का, हे मात्र त्याने शोधून पाहिलं. सापडलं नाही. गुरुजी शिकवण्यात फार गुंतलेले असतील, असं त्याने मनाला समजावलं.

मग त्याला कोल्हे भेटले. वडाखाली रोज बसणारी ही मंडळी संगीतातली जाणकार होती. गेनूकडे कोणतं सॉफ्टवेअर आहे, हे ऐकून ते एकमेकांकडे पाहून हसले. ते पिल्लांसाठी असतं, असं एक म्हणाला. दुसऱ्याने दुसरं सुचवलं. तिसरा म्हणाला, की दुसरं वापरणारे हमखास बहिरे होतात. गेनूने बिचाऱ्याने पहिलं काढलं, दुसरं घातलं, तेही काढलं आणि पुन्हा पहिलं घातलं. निघताना कोल्ह्यांनी त्याला ढोलांच्या आवाजांची पोतीच्या पोती दिली. ओला ढोल, कोरडा ढोल, दरीत पडलेला ढोल, मागच्या जन्मीचा ढोल. गेनू ते ऐकत बसला. प्रत्येक ढोल आधीच्यापेक्षा किंचित बरा वाटायचा. तिकडे मोह गळायला लागला होता.

एके सकाळी गोदाक्का आली. तिने विचारलं, गाणं कुठवर आलं. गेनू म्हणाला, ढोल निवडून होत आला आहे. गोदाक्काने डोक्याला हात लावला नाही, की आवाज चढवला नाही. ती शांतपणे एवढंच म्हणाली, "गेनू, तिकडे रावजींनी ओढ्याशी कान देऊन ऐकायला एक मुंगूस बसवलाय. तुला जमत नसेल तर आजच सांग. मी पोरीला समजावीन."

समजावीन हा शब्द गेनूच्या जिव्हारी लागला. त्या दिवशी त्याने कोल्ह्यांची पोती बाजूला ठेवली, हाती आलेला पहिला ढोल घेतला आणि आपली गुणगुणायची चाल एका नखाने वाजवायला बसला.

आणि मुलांनो, तेव्हाच तो टक सुरू झाला.

चाल वाजवायला लागलं, की मागून टक, टक, टक, टक. थांबलं की बंद. गेनूने बाहेर येऊन पाहिलं. समोरच्या झाडावर बारकू सुतारपक्षी बसला होता. गेनूने त्याला हात जोडून विनवलं, की बाबा, लग्नाचं काम आहे, जरा वेळ ठोकणं थांबव. बारकूचा चेहरा पडला. तो म्हणाला, "गेनूदादा, मी सकाळपासून चोच मिटून तुझंच गाणं ऐकतोय. मला वाटलं, तू माझी नक्कल करतोयस."

टक कंप्युटरमधून येत होता. वाजवणाऱ्याचा ताल सुटू नये, म्हणून सॉफ्टवेअर आपणहून ठोका देत असतं. पण गेनूला हे कोण सांगणार? त्याने दिसेल ते बटण दाबून पाहिलं. ढोल उलटा वाजला, सनई रडली, टक तसाच. त्याने धनेशगुरुजींना निरोप पाठवला. गुरुजींचं उत्तर आलं, की हा विषय पुढच्या वर्गाचा आहे, आत्ताच घाई करू नये.

गेनूची चाल नेहमीच्या जागी आली आणि तुटली. पुढचं काही सुचेना. त्याने तेवढाच तुकडा फिरवून फिरवून लावला. गाणं कंप्युटरबाहेर कसं काढायचं, हेही त्याला सापडलं नाही. तेव्हा त्याने स्पीकरसमोर मोबाइल धरला आणि वाजेल ते उतरवून घेतलं. ढोल, चाल, आणि टक.

ते त्याने चंद्रीला ऐकवलं आणि मान खाली घालून सांगितलं, की एवढंच झालंय, आणि तेही फिरून फिरून येतं, आणि टक निघत नाही. चंद्रीने दोनदा ऐकलं. मग मोहाची ओंजळ तोंडात टाकून म्हणाली, "मामा, पुरे आहे. नाचताना पुढचं कोण ऐकतं?"

वरातीच्या दिवशी डोंगरापलीकडचं सगळं गणगोत ओढ्यापलीकडे येऊन उभं राहिलं. पुढे रावजी, हातांची घडी घालून. अलीकडे अख्खं जंगल जमलेलं. गेनूने मोबाइल एका पोकळ ओंडक्यात ठेवला, म्हणजे आवाज घुमेल. त्याने बटण दाबलं.

चाल यायच्या आधी नुसता टक आला. टक, टक, टक, टक. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. रावजींच्या कपाळावर आठी पडली. गोदाक्काने डोळे मिटले. गेनूला वाटलं, आता झाडावर चढावं आणि उतरूच नये.

मग ढोल वाजला, चाल आली, आणि रावजींचा उजवा पाय हलला.

त्याचं कारण असं, की त्या जंगलात आजवर कुणाला तालात नाचताच आलं नव्हतं. बेडूक वाजवायचे तेव्हा जो तो आपल्या मनाने उड्या मारायचा. दर लग्नात शेपट्या तुडवल्या जायच्या आणि त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे. आज पहिल्यांदाच पाय कधी टाकायचा, हे कुणीतरी सगळ्यांना एकदम सांगत होतं. टक म्हटलं की पाय. रानडुकरं सुद्धा ओळीत नाचली. वरातीने ओढा नाचतच ओलांडला. तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत होता, आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. खरं तर आलं असतं तरी पाय थांबले नसते.

धापा टाकत रावजी गेनूपाशी आले आणि विचारू लागले, की हे टक-टक घालायची कल्पना कुणाची. गेनू प्रामाणिक होता. त्याने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात गोदाक्काने त्याच्या पायावर आपला अख्खा पाय ठेवला आणि म्हणाली, "आमच्या भावाचीच. त्याचं सगळं असंच वेगळं असतं."

त्या दिवसापासून गेनू मोठा झाला. जंगलात दुसरं गाणं कुणी लावेना. कोल्ह्यांनी वडाखाली सांगितलं, की हा टक म्हणजे साक्षात काळाची चाहूल आहे आणि गेनूला सॉफ्टवेअर आम्हीच सुचवलं होतं. बारकू सुतारपक्षी येणाऱ्याजाणाऱ्याला मूळ प्रेरणा कोण होती, ते सांगू लागला. आणि धनेशगुरुजींनी नवा वर्ग काढला. विषय होता, टक कसा साधावा.

गेनू अजून शिकणाराच होता. त्याने तोही धडा उघडला. गुरुजी सांगत होते, की टक साधायला वर्षानुवर्षं लागतात, आधी मन पोकळ करावं लागतं. बोलता बोलता त्यांना बाजूला एक पिकलेलं उंबर दिसलं. ते खायला त्यांनी मान वळवली. त्यांच्या चोचीमागचा पडद्याचा कोपरा मोकळा झाला, आणि तिथे एक बारीकसं बटण होतं. त्यावर घड्याळाच्या लोलकाचं चित्र होतं. गेनूने आपल्या कंप्युटरवर तेच बटण दाबलं.

टक बंद झाला.

गेनू एका नखाने वाजवू लागला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला स्वतःची चाल नीट ऐकू आली. ती नेहमीच्या जागी तुटली नाही. इथे माश्या नव्हत्या, आणि आता टकही नव्हता. चाल सावकाश पुढे गेली, वळली, थोडी थांबली आणि शेवटाला पोचली. गेनूचे डोळे भरून आले. असं काही आपल्यात असेल, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

पुढे चंद्रीला मुलगी झाली. बारशाला गेनू ते नवं गाणं घेऊन गेला. अंगणात सगळे नाचायला उभे होते. गाणं सुरू झालं. कुणाचा पाय उचलेना. दोघांनी उचलला, तो तिसऱ्याच्या शेपटीवर पडला. कुजबुज सुरू झाली. रावजींनी गेनूला कोपऱ्यात घेऊन काळजीच्या सुरात विचारलं, मशीन बिघडलंय का. गेनूने अभिमानाने सांगितलं, की बिघडलं नाही, टक मी मुद्दाम काढला.

रावजींनी त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला. "गेनूभाऊ," ते म्हणाले, "पहिल्या वेळी तुम्ही किती शिकलेले वाटला होतात."

गेनू खट्टू होऊन मोबाइल घेऊन आत गेला. आत पाळण्यापाशी चंद्री बसली होती. तिने खूण करून गाणं चालूच ठेवायला सांगितलं. पिल्लू झोपलं होतं. ती म्हणाली, "हे इथे राहू दे, मामा. हिला आवडलंय. मलाही. तू अंगणात दुसऱ्या मोबाइलवर ते टक-टकवालं लाव. त्यांना नाचायचंय."

गेनूने थोडा विचार केला. मग बाहेर जाऊन त्याने टक लावला. अंगण क्षणात ओळीत आलं. रावजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, की गेनूभाऊंना पुन्हा सूर सापडला.

धनेशगुरुजीही बारशाला आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी गेनूला हळूच बाजूला नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, की तो टक बंद कुठून होतो. त्यांच्याकडे तो पहिल्या धड्यापासून वाजत होता.

तात्पर्य: मुलांनो, नीट शिकलं की चुका सुधारता येतात. म्हणून आधी नाव होऊ द्यावं आणि मगच शिकायला बसावं.