कँटरचे ठोके किती

सव्वीस वर्षं मी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी करतोय आणि एवढ्या वर्षांत माझी एकही नोंद चुकलेली नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सव्वीस वर्षांत आम्ही 'सी' या अक्षरापर्यंत येऊन पोचलोय, यावरून आमचं काम किती जपून चालतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर 'सी'मध्ये कँटर आला. घोडेस्वारीतला शब्द. ती नोंद वाटणीला आली टाचणीच्या. टाचणी म्हणजे आमच्याकडची नवी मुलगी. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण टोचायचं तिथे बरोबर टोचते, म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिला एका वर्षाच्या बोलीवर घेतलेलं. वर्षात तीन चुका झाल्या की घरी, नाहीतर कायम. वर्ष संपायला महिना राहिला होता आणि दोन चुका तिच्या फायलीत आधीच लागलेल्या होत्या.

चिठ्ठी घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली. मी वाचली. 'कँटर: घोड्याची तीन ठोक्यांची चाल. दुडक्या चालीपेक्षा जलद, भरधाव दौडीपेक्षा सावकाश.'

"तीन?" मी विचारलं.

"हो सर."

"घोड्याला पाय किती?"

"चार."

"मग चौथा पाय काय खिशात घालून पळतो तो?"

सगळी खोली हसली. माझ्या विनोदाला खोली हसली की मला पुढचं काही दिसेनासं होतं. जुना आजार आहे.

"सर, दोन पाय एकाच वेळी पडतात, म्हणून..."

"एकाच वेळी पडायला ते काय कवायतीला उभे आहेत? अगं, मी स्वतः बसलोय घोड्यावर."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. खरं सांगायचं तर वयाच्या सहाव्या वर्षी मी जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातल्या लाकडी घोड्यावर बसलो होतो आणि तोही मध्येच थांबवून मला उतरवावं लागलं होतं.

"खरंच, सर?"

"पाच वर्षं. रोज सकाळी." खोटं बोलताना मी नेहमी आकडा देतो. त्याने वजन येतं.

टाचणी जरा घुटमळली. "सर, तिसरी चूक झाली तर मला जावं लागेल. घरी मी एकटीच कमावते."

"माझ्यासारखा स्वार शेजारी बसलेला असताना चूक होईल कशी? लिही. चार ठोके."

तिने नवी चिठ्ठी घेतली आणि आपल्या सुवाच्य अक्षरात 'चार' लिहिलं. जुनी मी माझ्या हाताने फाडून टोपलीत टाकली. तेवढ्यात दाराशी आमच्या मुख्य संपादक उभ्या दिसल्या. त्यांच्या गळ्यात कायम एक भिंग लोंबत असतं, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे भिंगबाई म्हणतात. समोर मॅडम.

"तुम्ही घोडेस्वारी करत होता?" त्या म्हणाल्या. "कधी बोलला नाहीत. मग बरंच झालं, जाणकार म्हणून तुम्हीच सही करा."

आमच्याकडे तशी पद्धतच आहे. धंद्यातला शब्द असला की त्या धंद्यातल्या माणसाची चिठ्ठीवर सही लागते. सुतारकामाच्या शब्दांना सुतार येऊन गेला, बोटीच्या शब्दांना एक म्हातारा नावाडी तीन दिवस येऊन बसला होता आणि चौथ्या दिवशी जायलाच तयार नव्हता. घोड्याच्या शब्दाला मी सही केली. सहीचं वळण चांगलं आलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दारातच उभी.

"तुमच्या मॅडमचा फोन आला होता. अभिनंदन करत होत्या माझं. बावीस वर्षांच्या संसारात तुम्ही माझ्यापासून घोडा लपवलात?"

"लपवला नाही गं. विषय निघाला नाही."

"गेल्या वर्षी शेजारच्यांचं कुत्रं अंगावर आलं तेव्हा तुम्ही मला पुढे केलंत. तेव्हाही नाही निघाला?"

"कुत्रा वेगळा, घोडा वेगळा."

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मामांनी."

"कुठल्या मामांनी? सासूबाईंना भाऊच नाहीत."

मी हातपाय धुवायला गेलो आणि बराच वेळ हातपायच धूत राहिलो.

तिथेच मिटलं असतं. पण दोन दिवसांनी भिंगबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "मला एक सुचलंय. कँटरच्या नोंदीला फोटो घालू. आणि घोड्यावर कुणीतरी परका कशाला, तुम्हीच बसा. शनिवारी सकाळी रायडिंगच्या शाळेत जाऊ. मी मास्तरांशी बोललेय."

मी गुडघ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बसायचंच तर आहे. मी पाठीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, घोडेस्वारांची पाठ पक्की असते. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, हल्ली मला घोड्यांची फार दया येते." त्यावर त्यांचे डोळे भरून आले आणि माझ्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. टाचणीला चिठ्ठ्यांचा डबा धरायला घेतलं होतं. रायडिंगचे मास्तर बुटके होते आणि त्यांचे पाय कमानीसारखे वाकलेले, जणू त्यांच्या दोन पायांत कायम एक न दिसणारा घोडा उभा असावा. त्यांनी माझ्यासाठी एक घोडी बाहेर काढली. पोटाने सुटलेली, रंगाने तपकिरी. टपाल कचेरीची खिडकी बंद करताना आतल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो ना, तो भाव तिच्या डोळ्यांत होता.

"हिला सगळे मावशी म्हणतात," मास्तर म्हणाले. "बावीस वर्षांची आहे. लहान मुलं हिच्यावरच शिकतात. सर, तुम्हाला बसून किती वर्षं झाली?"

"बरीच."

मी रुबाबात मावशीच्या उजव्या बाजूला गेलो.

"सर, चढतात डावीकडून," मास्तर हळूच म्हणाले.

"आमच्याकडे उजवीकडून चढत."

"आमच्याकडे म्हणजे?"

"मामांकडे."

मास्तरांनी मला दंडाला धरून डावीकडे आणलं. पाय रिकिबीपर्यंत पोचेना म्हणून एक स्टूल आणलं, मग त्या स्टुलावर दुसरं. शेवटी मास्तरांनी खालून खांदा लावला आणि पोतं गाडीत चढवतात तसं मला वर चढवलं. घोड्याची उंची खालून वेगळी असते आणि वरून वेगळी, हे कुठल्याही कोशात लिहिलेलं नाही. मी दोन्ही हातांनी खोगीर धरलं आणि फोटोसाठी हसलो.

"लगाम धरा ना," भिंगबाई मोबाईल सावरत म्हणाल्या.

"धरतो. घाई काय आहे?"

मास्तरांनी मावशीला एक लांब दोरी बांधली आणि दुसरं टोक हातात घेऊन ते मैदानाच्या मधोमध उभे राहिले. तोवर टाचणीच्या डब्यातली चिठ्ठी भिंगबाईंनी त्यांना कौतुकाने वाचायला दिली होती. वाचता वाचता मास्तरांच्या भुवया टोपीत गेल्या.

"चार ठोके? हे कुणी लिहिलंय?"

मी उंचावर होतो. उंचावर बसलं की माणसाला आपण बरोबर आहोत असं जरा जास्तच वाटतं. मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे मास्तर, कँटर म्हणजे..."

आणि मावशी सुटली.

काय झालं ते मला कळायच्या आत खोगीर खाली गेलं, मी वर राहिलो, मग मी खाली आलो तर खोगीर वर येत होतं. आम्ही मध्येच भेटलो. ती भेट गोड नव्हती. मास्तरांनी लांबट आवाज काढून तिला थांबवलं तेव्हा मी खोगिरावरून तिच्या मानेवर बदली होऊन गेलो होतो.

"तो शब्द काढू नका सर," मास्तर ओरडले. "पोरांनी टाच मारायच्या आधी ती माझा शब्द ऐकूनच सुटते. सवय आहे तिला."

"पण मी फक्त कँटर म्हटलं..."

मावशी पुन्हा सुटली. दुसऱ्या फेरीत माझी टोपी गेली, तिसऱ्या फेरीत चष्मा. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "कँटर नको! कँटर नको!" पण मावशीला 'कँटर' कळत होतं, 'नको' कळत नव्हतं. जितक्यांदा मी नको म्हणे, तितक्यांदा तिला हुरूप येई. त्या शब्दाचा अर्थ आणि उपयोग दोन्ही तिला माझ्यापेक्षा चोख माहीत होते.

भिंगबाई मात्र फोटो विसरून बोट हलवत होत्या. "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. अहो, चौथा कुठाय?"

"शोधतोय, मॅडम," मी मानेला मिठी मारून ओरडलो.

मोजायची मला तशी गरजच नव्हती. प्रत्येक ठोका माझ्या बुडाखालून मणक्यातून थेट टाळूपर्यंत जात होता. तीनच होते. तीन आणि मग एक क्षण काहीच नाही, सगळे पाय हवेत, आणि तो क्षण सगळ्यात वाईट. कारण तेव्हा पुढच्या तिनांची वाट बघायची असते.

मला उतरवलं. म्हणजे मास्तरांनी मिठी सोडवली आणि मी घरंगळलो. एका हाताने कुंपण धरून मी उभा राहिलो. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण भिंगबाई भिंग लावून चिठ्ठी बघत होत्या.

"हे अक्षर तुझं आहे," त्या टाचणीला म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"चार तू लिहिलंस?"

"हो, मॅडम."

"यांना बसून बरीच वर्षं झाली, विसरले असतील. जाणकार माणूसही कधीतरी चुकतो. पण नोंद तपासून घेणं आपलं काम, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." त्यांनी पर्समधून पेन काढलं. आवाज खाली आला. "वाईट वाटतं गं मला. पण ही तिसरी."

मी टाचणीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बोलेल. ती बोलली असती तर मी नाही म्हणालो असतो, आमची जुंपली असती, आणि भांडणात माणसाला स्वतःची लाज कमी वाटते. पण डब्याचं झाकण नीट लागलंय का ते तिने बघितलं, एकदा दाबलं, आणि पुन्हा एकदा दाबलं.

पेन कागदाला टेकलं.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "तिने तीनच लिहिलं होतं. चार मी करायला लावलं. पहिली चिठ्ठी मी फाडून टाकली."

"पण का? तुम्ही तर स्वार..."

"मी घोड्यावर कधीच बसलेलो नाही. आजपर्यंत."

"आजही बसला नव्हतात सर," मास्तर दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "लोंबकळत होतात."

भिंगबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंग डोळ्याला लावून बघत राहिल्या. "आणि ते मामा?"

"नाहीत."

त्यांनी टाचणीचं नाव खोडून तिथे माझं लिहिलं. मी पुटपुटलो, "सव्वीस वर्षांतली पहिली."

"पहिली सापडलेली," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून तुमच्या 'ए' आणि 'बी'च्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासायच्या. हीच तपासेल. आता कायमच आहे म्हटल्यावर वेळ आहे तिला."

परत येताना भिंगबाई आपल्या गाडीने गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत, ते एका परीने बरंच झालं. टाचणी आणि मी बसने निघालो. ती खिडकीशी बसली. दोन थांबे गेल्यावर मी विचारलं, "तीन कुठून काढलं होतंस गं तू? कुठल्या पुस्तकातून?"

"पुस्तकातून नाही, सर. पुस्तकं दोन, दोन्हींत वेगवेगळं. म्हणून मग मोजलं. याच मैदानावर. कुंपणाबाहेर उभी राहून, तीन रविवार."

"तीन रविवार? मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही पाच वर्षं घोड्यावर बसलेले, सर. मी आपली कुंपणाबाहेरून बघणारी. मलाच वाटलं, माझं मोजायला चुकलं असेल."

तिने डबा उचलून मांडीवर घेतला आणि सरकून जागा केली. "उभे का सर? बसा ना, जागा आहे."

जागा होती. पण पुढचे कित्येक दिवस मला कुठेच बसता येणार नव्हतं, हे तिला कोणत्या शब्दांत सांगणार? "नको, बरा आहे मी," असं म्हणून मी दांडीला धरून उभा राहिलो आणि आमचा थांबा येईपर्यंत तिच्या शेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो.